राही घरतची पहिली नोकरी

राही घरत मुरुडला आमच्या माडीवरच्या खोलीत राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर एक बॅग, एक गुंडाळलेली गादी आणि तिची आई एवढंच होतं. वडील आले नव्हते. मी सहज विचारलं, तर आई, सुचिताबाई, म्हणाल्या, "ते नाय येनार. त्यांचा राग हाय." आणि लगेच पाणी किती वाजता येतं ते विचारायला लागल्या.

राग कशाचा होता ते मला हळूहळू समजलं. काही राहीने सांगितलं, काही तिच्या कंपनीतल्या सोनूबाईंनी आणि काही, बऱ्याच उशिरा, खुद्द तिच्या वडिलांनी.

वडील बाळाजी घरत, उरण तालुक्यातले आगरी. त्यांच्या लहानपणी घरची मिठागरं होती. पुढे बंदर आलं, जमिनी गेल्या, मोबदला मिळाला. गावात बहुतेकांनी आधी बंगले बांधले. बाळाजींनी आधी एक जुना ट्रेलर घेतला. वर्षभर स्वतः चालवला, मग दुसरा घेतला, आणि बंगला बांधला तो अगदी शेवटी. आज त्यांचे ट्रेलर बंदरातून कंटेनर घेऊन पुण्या-नाशिकपर्यंत जातात. मोठा मुलगा दीपेश धंदा बघतो. राही धाकटी.

या घरात कोणी नोकरी केलेली नाही. बाळाजींच्या बोलण्यात नोकरी ही द्यायची गोष्ट होती, करायची नव्हे. सकाळी ऑफिसच्या पायरीवर दोन-चार माणसं उभी असायची, कोणी ड्रायव्हर, कोणी भाच्याला घेऊन आलेला मामा. बाळाजी चहा पीत पीत त्यांचं ऐकायचे आणि कोणाला ठेवायचं ते ठरवायचे.

राहीने लोणेऱ्याला पेट्रोकेमिकल इंजिनिअरिंग केलं. तिच्या वर्गातली मुलं नागोठण्याला लागली, काही गुजरातमध्ये दहेजला गेली. राहीचं कुठे झालं नाही. तिने दोन मुलाखती दिल्या. पहिल्या मुलाखतीत तिचा आवाजच फुटला नाही. दुसऱ्या ठिकाणी त्यांनी तिला कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. मग ती घरी आली. बाळाजींनी तिला ऑफिसात एक टेबल दिलं, एसीच्या बरोबर समोर. ड्रायव्हर तिला मॅडम म्हणायला लागले. काम बिलांचं होतं. एकदा तिने गाडीचा नंबर चुकीचा टाकला आणि ट्रेलर घाटाच्या आधी नाक्यावर अडकून पडला. दीपेशने फोनाफोनी करून तो सोडवला आणि तिला काहीच बोलला नाही. बाळाजीही बोलले नाहीत. जेवताना उलट तिला जास्त वाढलं गेलं.

"मला वाटलं होतं कोणीतरी ओरडेल," ती मला म्हणाली होती. "कोणी ओरडलं नाही तेव्हा मला कळलं, मी तिथे काम करतच नाहीये. मी नुसती बसलेय."

अशात कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी एक जाहिरात टाकली. आगरदांड्याच्या रस्त्याला लाइफ जॅकेट आणि बोटीवरच्या तरंगत्या रिंगा बनवणारी एक कंपनी होती. त्यांना माल तपासायला इंजिनिअर हवा होता. जाहिरातीखाली कोणीच काही लिहिलं नव्हतं. राहीने फोन केला, आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात घरी मैत्रिणीकडे जाते असं सांगून ती एसटीने निघाली.

कंपनीचे मालक दिनानाथ चौबळ तेव्हा सत्तरीला आले होते. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम शिलाईची छोटी कात्री. त्यांनी तिचे कागद बघितले, बाजूला ठेवले आणि विचारलं, "गेटमधून येताना काय दिसलं तुम्हाला?"

"शेड," राही म्हणाली.

"शेड किती दिसली?"

तिने आठवून बघितलं. "अर्धी बंद आहे."

"बरोबर. म्हणजे डोळे आहेत तुम्हाला." चौबळांनी खुर्ची पुढे ओढली. "आता मी सांगतो ते ऐका आणि मग नोकरीचं बोलू."

त्यांनी जे सांगितलं ते असं. एके काळी शेडच्या दोन्ही बाजू चालत होत्या. मासेमारीच्या बोटी, लाँचवाले, सरकारी खाती, सगळीकडे त्यांचा माल जायचा. मग किनाऱ्यावर पर्यटक वाढले आणि त्यांच्याबरोबर स्वस्त जॅकेटंही आली. दिसायला तशीच, आत कसलाही स्पंज. हरिहरेश्वरपासून अलिबागपर्यंत पाण्यातल्या खेळांवर तीच दिसायला लागली. तरीही कंपनी तग धरून होती. पण दोन वर्षांपूर्वी बाहेरून आलेला फोम खराब निघाला. काही महिन्यांत पाणी प्यायला लागला. चौबळांनी विकलेला सगळा माल परत मागवला, जाळला आणि नवा दिला. त्यात कंपनीचं कंबरडं मोडलं. आता चौदा माणसं उरली होती, त्यातल्या बहुतेक बायका. जुने तपासनीस चांगला पगार मिळाला म्हणून गुजरातला निघून गेले होते. मालाची सरकारी मान्यता फेब्रुवारीत संपत होती, आणि शिकलेला तपासनीस जागेवर नसेल तर ती पुन्हा मिळणार नव्हती.

"म्हणजे मी तुम्हाला नोकरी देतोय ती माझ्या गरजेसाठी," चौबळ म्हणाले. "तुमचं त्यात काय भलं होईल, मला सांगता येत नाही. मान्यता मिळाली तर चालू. नाही मिळाली तर बंद. मला एक मुलगी आहे, पुण्याला. तिला मी इथे ये म्हणालो नाही."

राहीने विचारलं, "फेब्रुवारीपर्यंत पगार मिळेल?"

"मिळेल. पुढचं माहीत नाही."

तिला हे उत्तर आवडलं, असं तिने मला सांगितलं. आधीच्या दोन मुलाखतींत तिला कोणी कशाचंच उत्तर दिलं नव्हतं.

मग चौबळांनी सोनूबाईंना हाक मारली. सोनूबाई शिलाईवर मुख्य. आगरदांड्याच्याच, पन्नाशी उलटलेल्या, बोलताना समोरच्याच्या कपड्यांकडे बघायची सवय. चौबळ म्हणाले, "हिला टाकी दाखवा."

शेडच्या मागे पुरुषभर खोल सिमेंटची टाकी होती. जॅकेटं वजनं बांधून तिच्यात एक दिवस-एक रात्र बुडवून ठेवायची, मग त्यांची तरंगायची ताकद किती कमी झाली ते मोजायचं. सोनूबाईंनी राहीच्या हातात एक जुना पंजाबी ड्रेस ठेवला.

"हे घाला. आनि पान्यात उतरा."

"मी?"

"हितं कामाला येनारा परत्येक माणूस एकदा टाकीत उतरतो. सायबांचा नियम हाय. नोकरी घ्या नायतर नका घेऊ, आलाय तर उतरून जा."

"मला पोहता येत नाही."

"मंग तर बरंच. पोहनाऱ्याला कळत न्हाय."

राही शिडीने उतरली. पाणी गार होतं, खाली पाय पोचत नव्हते. तिने शिडीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. जॅकेट वर सरकून हनुवटीला टेकलं होतं आणि त्याला नव्या रबराचा वास येत होता.

"हात सोडा," सोनूबाई वरून म्हणाल्या.

"सोडते."

"सोडते म्हनता आनि धरून बसता. हात सोडल्याबिगर त्याला काम करता येत न्हाय."

बऱ्याच वेळाने तिने हात सोडले. आधी ती तोंडावर पालथी झाली. नाकात पाणी गेलं. ओरडायला तोंड उघडणार तोच छातीवरच्या फोमने तिला हळूच उलटी केली आणि तिचं तोंड आभाळाकडे आलं. मानेखाली कोणीतरी हात घातल्यासारखं वाटलं, असं ती सांगते. कान पाण्यात होते, त्यामुळे शिलाईच्या मशीनचा आवाज खालून आल्यासारखा येत होता. सोनूबाई काहीतरी बोलत होत्या, ते तिला ऐकू आलं नाही. तिला बाहेर यायची घाई वाटली नाही.

चौबळांनी तिला विचार करायला दोन आठवडे दिले.

घरी आल्यावर तिने जेवणाच्या वेळी सांगितलं. मैत्रिणीकडे गेले नव्हते, हेही सांगितलं. बाळाजींनी ते ऐकून घेतलं. आवाज चढवणं हा त्यांचा स्वभाव नाही.

"पगार किती हाय?"

तिने सांगितला.

"यापेक्षा जास्त आपला क्लीनर घेतो," बाळाजी म्हणाले. "लोकांच्या हाताखाली कनाला जातंस? तुना आपल्या हापिसान काय कमी हाय?"

"कमी काय नाय, बाबा."

"मंग?"

एसीच्या समोरचं टेबल, ट्रेलरचा चुकलेला नंबर, कोणी न ओरडणं, यातलं काही बापाला सांगण्यासारखं नव्हतं. तो मायेने वागला अशी तक्रार कशी करायची?

"आनि कंपनी पन कसली, तर मरायला टेकलेली," बाळाजी पुढे म्हणाले. "मोठी असती, तर चार लोकांन सांगायला तरी बरा वाटला असता. पोरगी अमक्या कंपनीन हाय. हिचा तर नाव पन कोनी आयकला नाय."

दीपेश मोबाइल बघत होता. तो म्हणाला, "जाऊ दे ना बाबा, चार महिन्यात परत येईल." तो तिच्या बाजूनेच बोलला होता, पण राहीला ते बाळाजींच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढचे काही दिवस घरात हा विषय निघाला नाही. राही स्वतःशी हिशेब मांडत राहिली. जायचं कारण काय? तिथे तपासणीचं सगळं काम एकटीने करायचं होतं, शिकायला मिळालं असतं. न जायचं कारण काय? शिकवणारा कोणी नव्हता. कंपनी बंद पडली तर पुढच्या मुलाखतीत काय सांगणार, की पहिलीच कंपनी बुडाली? वर्गातल्या एका मुलीला तिने फोन केला. ती म्हणाली, "वेडी आहेस का? थांब, काहीतरी चांगलं मिळेल." किती दिवस थांबायचं ते मात्र तिने सांगितलं नाही. राही एका दिवशी जायचं ठरवायची आणि दुसऱ्या दिवशी मोडायची.

इकडे बाळाजी कोणाला न सांगता एका सोमवारी गाडी काढून आगरदांड्याला गेले. त्यांनी मला हे पुढे स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. मुलगी कुठे जाणार ते बघायला बाप जाणारच. त्यांनी आधी बाहेरून शेडला चक्कर मारली. रस्त्याला लागून असलेली जागा, मागे सुरूची झाडं, थोड्या अंतरावर जेटी, पलीकडे दिघी. फेरीबोटीला गाड्यांची रांग लागली होती. बाळाजी जमीन नजरेने मोजतात. त्यांनी ती मोजली. मग आत जाऊन चौबळांना नाव सांगितलं आणि चहा घेतला.

त्या संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "मी ती कंपनी घेतंय."

कोणाच्याच लक्षात आलं नाही, कुठली ते. 

"राहीची. बगून आलो. जागा झ्याक हाय. मालक म्हातारा, पोरगी पुन्याला. मी त्याला बोल्लो, मना दे. त्याचा तोंड बगायसारखा झाला होता." बाळाजी राहीकडे वळले. "आता जा तू. मालकीन म्हनून जा. काय तपासायचा ते तपास. कोनी तुना एक शब्द बोलनार नाय."

सुचिताबाई भाकरी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "तिला इचारला का?"

"देतंय ना तिला. त्यान काय इचारायचा?"

बाळाजी मनापासून खूश होते. मुलीने काहीतरी मागितलं होतं आणि त्यांनी ते आणून दिलं होतं, थोडं जास्तच आणून दिलं होतं. राहीने पुढचा घास चावून गिळला. मग तिने विचारलं, "आणि नाय चालली तर?"

"वर्षभर बगू. नाय चालली तर कंटेनर ठेवायला यार्ड करू. जमीन कुठं जात नाय."

दुसऱ्या दिवशी चौबळांचा फोन आला. "तुमचे वडील येऊन गेले, ते तुम्हाला माहीत आहे ना?" ते म्हणाले. "भाव चांगला दिलाय. खोटं कशाला बोलू, मला विकायची आहे. पण तुम्ही एकदा येऊन जा."

राही गेली. या वेळी घरी सांगून गेली. कंपनीत बातमी आधीच पोचली होती. शिलाईच्या बायकांनी मशीन न थांबवता तिच्याकडे बघितलं. सोनूबाई तिला नळापाशी घेऊन गेल्या.

"तुमी मालकीनबाई होनार म्हनतात."

"अजून काही ठरलं नाही."

"ठरवा लवकर. तुमचा बापूस घेवो नायतर आनि कोनी घेवो, आमाला काय. मशीन चालली पायजे. माज्या हाताखाली दहा बाया हायत. एकीचा नवरा बोटीवर जातो, एकीचा जात न्हाय, नुसताच घरी बसतो. त्यांना तुमच्या मानपानाचं काय करायचंय?"

राहीला राग आला. मानपान तिने कुठे मागितला होता? पण एसटीत बसल्यापासून ती फक्त स्वतःचाच विचार करत आली होती, हेही खरं होतं. बाबांनी कंपनी घेतली तर माझं काय, नाही घेतली तर माझं काय. त्या दहा बायांचं काय, हा प्रश्न तिच्या डोक्यात आलाच नव्हता.

"बाबांनी घेतली तर वर्षभर चालेल," ती म्हणाली. "मग ते यार्ड करतील. मला माहीत आहेत ते."

"आनि न्हाय घेतली तर?"

"फेब्रुवारीपर्यंत तर चालेल. मान्यता मिळाली तर पुढेही."

सोनूबाईंनी नळ बंद केला. "मान्यता मिळंल?"

"माहीत नाही. मी हे काम कधी केलेलं नाही."

सोनूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "खरं बोलता तुमी. ते एक बरं हाय."

चौबळांच्या टेबलासमोर बसल्यावर राहीने एका दमात सांगून टाकलं. "सर, मी नोकरी घेते. पण तपासणी होईपर्यंत तुम्ही कंपनी विकायची नाही. विकली तर मी येणार नाही."

चौबळ खुर्चीत मागे टेकले. "पहिली नोकरी, अजून रुजू झाली नाहीस, आणि मालकाला अट घालतेस?" बोलता बोलता त्यांचं 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

"हो."

"तुझ्या वडिलांचा भाव फेब्रुवारीनंतर राहील का?"

"ते सांगता येत नाही. मान्यता गेली तर कमी देतील. ते धंदा करतात."

चौबळ खिशातली कात्री काढून तिची उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, "मी आज तसाही काही ठरवणार नव्हतो. ठीक आहे. फेब्रुवारी."

आता बाळाजींना सांगायचं उरलं होतं. राहीने ते घरी सांगितलं नाही, ऑफिसात सांगितलं. पायरीवरची माणसं निघून गेल्यावर ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. चौबळांचा फोन त्यांना आधीच येऊन गेला होता.

"त्याला तू सांगितलास, नको विकू म्हनून?"

"हो."

"कनाला?"

"बाबा, तुम्ही ड्रायव्हर ठेवता तेव्हा काय विचारता?"

बाळाजींनी समोरचा चहाचा कप बाजूला सारला.

"विचारता, आधी कोनाच्या गारीवर होतास. स्वतःच्या बापाची गारी चालवलेला पोरगा आला तर तुम्ही त्याला घेत नाय. म्हनता, त्याला गारी ठोकायची भीती नसते. मना दुसऱ्याच्या गारीवर शिकायचा हाय."

"आनि ती गारीच बंद परली तर?"

"मग परेल. तेव्हा बगू."

बाळाजींनी टेबलावरचे कागद एकावर एक रचले. "मी तुना कंपनी देत होतो," ते म्हणाले. "लोक पोरीला सोना देतात. मी कंपनी देत होतो. तू ती परत केलीस. जा."

हा तो राग. ती मुरुडला आली त्या दिवशी ते आले नाहीत, आणि नंतर कितीतरी महिने फोनवरही बोलले नाहीत. सुचिताबाई मधूनमधून यायच्या, तांदूळ आणि सुकी मासळी घेऊन. जाताना खोलीकडे बघून दर वेळी म्हणायच्या, "चालतंय ना तुजा?" राही म्हणायची, "चालतंय."

चालत होतं का, ते मला बाहेरून सांगता येत नसे. ती सकाळी आगरदांड्याच्या गाडीने जायची आणि अंधार पडताना यायची, कपड्यांना फोमचा चुरा लागलेला असायचा. रुजू झाल्यानंतर थोड्याच दिवसांत तिने पट्ट्यांची शिलाई न ताणता एक अख्खा गठ्ठा पास केला. चौबळांनी स्वतः त्यातलं एक जॅकेट उचलून पट्टा ओढला, टाके उसवले. त्यांनी राहीला सगळ्या बायांसमोर झाडलं. इंजिनिअर आहेस की शिक्के मारणारी आहेस, असं काहीसं म्हणाले. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली, हे सगळं तिने जसंच्या तसं सांगितलं आणि दोन वाट्या आमटी प्यायली. ती चक्क खुशीत होती. मला ते तेव्हा विचित्र वाटलं होतं.

फेब्रुवारीत तपासणीला दोन अधिकारी आले. त्यांनी दोन दिवस टाकी, फोम, धागा, सगळं बघितलं. मोठ्या मापाची जॅकेटं पास झाली. लहान मुलांची झाली नाहीत. तोंड वर यायला हवं त्यापेक्षा जास्त वेळ लागत होता. राही अधिकाऱ्यांशी वाद घालायला गेली नाही. तिने मानेकडच्या फोमचा आकार बदलून नवे नमुने केले. सोनूबाईंनी ते शिवले, वैतागून, कारण त्यांच्या मते जुनाच आकार बरा होता. एप्रिलमध्ये मान्यता आली, मोठ्यांची आणि लहानांची दोन्ही.

यानंतर कंपनी भरभराटीला आली असं काही झालं नाही. शेडची बंद बाजू बंदच राहिली. लाँचवाल्यांच्या काही ऑर्डरी आल्या, एका शिबिरवाल्याने मुलांची जॅकेटं घेतली. कंपनी अडीच वर्षं चालली. मग चौबळांच्या दोन्ही गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगी त्यांना पुण्याला घेऊन जायला आली. कंपनी म्हणून ती घ्यायला कोणी तयार झालं नाही. राहीने दोन-तीन ठिकाणी स्वतः जाऊन विचारलं होतं.

शेवटी तिनेच घरी फोन लावला. "बाबा, चौबळसाहेब विकतायत. आता घ्यायची असेल तर घ्या."

बाळाजी म्हणाले, "तवा दिली असती तर निम्म्यान आली असती." दोघांमधलं ते कितीतरी दिवसांनंतरचं पहिलं सरळ बोलणं. भाव मात्र त्यांनी केला नाही, असं चौबळांनीच मला सांगितलं.

जागेवर आता कंटेनरचं यार्ड आहे. शेडच्या चालू बाजूत मशीनी तशाच आहेत. त्या चालू ठेवायची अट राहीने घातली की ते बाळाजींनाच सुचलं, याबद्दल दोघं वेगवेगळं सांगतात. जाड कापड शिवणाऱ्या मशीनी आणि शिवणाऱ्या बाया तयार होत्या आणि बाळाजींना ट्रेलरवर टाकायला ताडपत्र्या लागतात, त्यामुळे तिथे ताडपत्र्या शिवल्या जातात. चौघीजणी सोडून गेल्या, बाकीच्या आहेत. सोनूबाई आहेत. मला बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "काम हाय. पन ताडपत्रीला घान वास येतो. आनि पान्यात टाकून बगायला काय न्हाय."

लाइफ जॅकेटं मात्र तिथे आता बनत नाहीत. बाळाजींनी राहीला यार्डचं सगळं बघायला सांगितलं होतं. ती नाही म्हणाली, आणि या वेळी त्यांनी कारण विचारलं नाही.

बोटींवरच्या जीवरक्षक सामानाची तपासणी करणाऱ्या एका परदेशी कंपनीत ती लागली. मुलाखतीत त्यांनी विचारलं, पहिली कंपनी का सोडली? ती म्हणाली, बंद पडली. मग त्यांनी लहान मुलांच्या जॅकेटाबद्दल विचारलं आणि अर्धा तास तेच बोलणं चाललं. मी तिला एकदा विचारलं की तू घेतलेला निर्णय बरोबर होता असं आता वाटतं का. ती म्हणाली, "कंपनी बंद पडणार होती, ती पडली. मला काम यायला लागलं होतं. बरोबर की चूक ते कसं सांगू, काका? मी दुसरं काही करून बघितलंच नाही ना."

तिची खोली रिकामी करायला बाळाजी स्वतः आले, टेम्पो घेऊन. सामान थोडं होतं, तरी ते बराच वेळ बसले. चहा घेतला, आंब्याच्या कलमांबद्दल बोलले, मुरुडच्या जमिनीचे भाव विचारले. मग त्यांनी मोबाइल काढून मला एक फोटो दाखवला. मोठ्या जहाजाच्या बाजूला लोंबणारी दोरीची शिडी, आणि तिच्यावर मध्येच कुठेतरी हेल्मेट घातलेली राही. तोंड दिसत नव्हतं.

"ही राही," ते म्हणाले, आणि ती कुठल्या कंपनीत आहे ते सांगितलं. ते परदेशी नाव त्यांना नीट घेता येत नाही. दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा पूर्ण घेतलं. मग फोटो पुन्हा बघितला आणि फोन खिशात ठेवून टेम्पोवाल्याला हाक मारली.